कंगवा आठवणारा नायक

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर बर्लिंग्टन हाऊसची उंच कमान आहे. आत शिरलं की दगडी चौक, आणि चौकात बहुतेक वेळा कुठल्यातरी प्रदर्शनासाठी लागलेली रांग. आज ही वास्तू रॉयल अॅकॅडमीकडे आहे. दोनशे वर्षांपूर्वी, लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून उचलून आणलेली पार्थेनॉनची शिल्पं काही काळ याच आवारात पडून होती. 1816 साली ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. रांगेतले लोक आतली चित्रं बघायला आले होते. मी मात्र त्या शिल्पांसमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या एका तरुणासाठी आले होते, आणि तो तर कधी जन्मालाच आला नव्हता.

त्याचं नाव फ्रेडी स्टँडन. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या ‘कोटिलियन’ (1953) या कादंबरीचा हा नायक. खेड्यातून आलेल्या किटीला लंडन बघायचं असतं आणि ते दाखवणं फ्रेडीच्या वाट्याला येतं. थडगी, चर्च, पुराणवस्तू यांत त्याला काडीचा रस नाही. एल्गिनची जगप्रसिद्ध शिल्पं बघून तर तो मनापासून हबकतो, कारण या मूर्तींना धड डोकीसुद्धा नाहीत. अशा वस्तू लोकांना दाखवायला ठेवतात तरी कशा, असा त्याला प्रामाणिक प्रश्न पडतो. तरी तो किटीबरोबर एकेक ठिकाण पुरं करतो. तिला बघायचंय, एवढं कारण त्याला पुरतं.

बर्लिंग्टन हाऊसच्या कुंपणाला लागूनच ‘ऑल्बनी’ नावाची जुनी, शांत निवासी इमारत आहे. आत जायला परवानगी नाही. 1942पासून सुमारे चोवीस वर्षं हेयर तिथे राहिली. म्हणजे फ्रेडी लिहिला गेला तो या भिंतीच्या पलीकडे. तिथे उभं राहून मी माझ्या आत्याला फोन लावला. ती दादरला होती. म्हणाली, “आता तू जिथं उभी आहेस ना, तिथं त्याला थंडी वाजली असेल. पण कोट मात्र उत्तम असेल त्याचा.”

आत्याने विमा कंपनीच्या कचेरीत 33 वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरलं की स्टेशनजवळच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत जायचं, अनामत ठेवून रोजच्या भाड्याने पुस्तक आणायचं, हा तिचा नेम. मराठी कादंबऱ्या होत्या, अगाथा ख्रिस्ती होती, वुडहाऊस होता, आणि पाठीवर सुरकुत्या पडलेल्या, पानं पिवळी झालेल्या हेयरच्या पॉकेटबुक आवृत्त्या. शेवटच्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने आपापल्या खुणा केलेल्या असत, तेच पुस्तक चुकून दुसऱ्यांदा घरी येऊ नये म्हणून. आत्याची खूण होती एक छोटी चांदणी. ‘कोटिलियन’च्या त्या प्रतीवर तिच्या सात चांदण्या होत्या. लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकांनी ते पुस्तक तिला तसंच देऊन टाकलं.

मी सोळा वर्षांची असताना ते माझ्या हातात ठेवत ती म्हणाली होती, “हा मुलगा चांगला आहे. घरात दुखणंखुपणं निघालं तर कामाला येईल.” प्रेमकथेच्या नायकाची अशी शिफारस मी तोवर कधी ऐकली नव्हती. आज हेयरच्या तीसेक कादंबऱ्या वाचून झाल्यावर मला वाटतं, ‘रीजन्सी’ प्रेमकथांच्या या सगळ्या साहित्यप्रकाराबद्दल त्याहून नेमकं कुणी काही बोललेलं नाही.

आधी ‘रीजन्सी’ म्हणजे काय ते सांगते. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने राज्यकारभार करू शकेनासा झाला, तेव्हा फेब्रुवारी 1811मध्ये त्याच्या मुलाला ‘प्रिन्स रीजन्ट’, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, नेमण्यात आलं. जानेवारी 1820मध्ये राजा वारला आणि हा काळ संपला. जेमतेम नऊ वर्षं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच वर्षांत प्रसिद्ध झाल्या. तिची ‘एमा’ तर या रीजन्टलाच अर्पण केलेली आहे. त्याच नऊ वर्षांत आपल्याकडे खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि 1818च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. हेयरच्या ‘अॅन इन्फेमस आर्मी’ (1937) या कादंबरीत वॉटर्लूच्या लढाईचं इतकं चोख वर्णन आहे की सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ते वाचलं जाई. त्यातला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे 1803 साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच. त्याची भाषा नेमकी पकडता यावी म्हणून हेयरने त्याचं एक अस्सल पत्र विकत घेतलं होतं.

हा काटेकोरपणा तिच्या विनोदी कादंबऱ्यांतही आहे. 1902 साली विम्बल्डनला जन्मलेल्या या बाईने पहिली कादंबरी किशोरवयात रचली ती आजारी धाकट्या भावाचं मन रमावं म्हणून. ती 1921 साली छापून आली. घरी संदर्भग्रंथ हजाराच्या घरात. त्या काळातले कपडे, बग्ग्या, मेणबत्त्यांचे भाव, जुगाऱ्यांची आणि मुष्टियोद्ध्यांची बोली, सगळं ती वह्यांत टिपून ठेवी. ‘दीज ओल्ड शेड्स’ 1926च्या सार्वत्रिक संपात, वर्तमानपत्रं जवळजवळ बंद असताना बाहेर पडली आणि तरीही तडाखेबंद खपली. जाहिरातीवाचून पुस्तक विकलं जातं हे तिने तेव्हाच ताडलं आणि पुढे 1974मध्ये वारेपर्यंत मुलाखती देणं टाळलं. घर चालवायला पैसे हवेत म्हणून ती लिहीत राहिली. समीक्षकांनी तिच्याकडे बराच काळ बघितलंच नाही. ए. एस. बायटसारख्या कादंबरीकर्तीने 1969 साली तिच्या बाजूने लेख लिहिला, तो अपवाद.

स्वतःच्या नायकांचे हेयरने खासगीत दोन नमुने ठरवले होते, मोटारींच्या मॉडेलसारखे. ‘मार्क वन’ म्हणजे उर्मट, तापट, दरारा असलेला. ‘मार्क टू’ म्हणजे तलम वागण्याचा, उत्तम पोशाखाचा, घोडे हाकण्यात पटाईत. तिच्यामागून आलेल्या हजारो रीजन्सी कादंबऱ्या या दोन नमुन्यांवरच जगल्या. सावळा, उंच, श्रीमंत, भुवई उंचावून बोलणारा सरदार, आणि त्याला माणसाळवणारी मुलगी. मलाही तो वाचायला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण ज्या कादंबऱ्यांकडे मी पुन्हा पुन्हा वळते, त्या तिने हे साचे बाजूला ठेवून लिहिल्या आहेत.

‘कोटिलियन’मध्ये तर तिने साच्यालाच कामाला लावलंय. पेनिकुक नावाचा एक महाकंजूष म्हातारा जाहीर करतो की त्याची मानलेली मुलगी किटी त्याच्या पुतणनातवंडांपैकी ज्याच्याशी लग्न करील, त्याच्याबरोबर सगळी इस्टेट तिला मिळेल. किटीचं मन त्यांच्यातल्या जॅकवर. जॅक म्हणजे नखशिखान्त ‘मार्क टू’, देखणा आणि धाडसी. तो तिला गृहीत धरतो आणि येतच नाही. त्याला चिडवायला किटी फ्रेडीला गळ घालते, महिनाभर आमचं लग्न ठरल्याचं नाटक कर. फ्रेडीला पैशांची गरज नाही, तो स्वतःच श्रीमंताघरचा. त्याला हे नको असतं. तरी ती रडेल म्हणून तो हो म्हणतो.

फ्रेडी दिसायला बेताचा, बुद्धीने बेताचा, हे तो स्वतःच सांगतो. त्याला कळतं ते एवढंच: कुठला रंग कुणाला शोभतो, कुठल्या घरी कुणाला कसं नमस्कारावं, पावसात कुठली गाडी मागवावी. सुरुवातीला हे सगळं हसण्यावारी जातं. बहिणीच्या गाऊनचा रंग बघून तो कळवळतो तेव्हा आपण हसतोच. मग हळूहळू लक्षात येतं की लंडनमध्ये किटी कुठेही फजीत होत नाही, कारण फ्रेडीने आधीच तिथे पोचून काहीतरी व्यवस्था करून ठेवलेली असते. फ्रेडीचे वडील लॉर्ड लेजरवुड हा मुलगा म्हणजे घरातला बिनकामाचा दागिना समजत आलेले. एका प्रसंगात ते त्याच्याकडे नव्याने बघतात आणि जरा गप्प होतात. मला ती जागा कादंबरीतली सर्वांत सुंदर वाटते. घरात इतकी वर्षं वावरणाऱ्या मुलात हे होतं आणि आपल्याला दिसलं नाही, हे बापाला हसतखेळत, कुणीही मोठ्याने न बोलता कळतं.

आणि मग तो कंगवा. किटीच्या मैत्रिणीला तिच्या प्रियकराबरोबर पळून जायला मदत करायची ठरते. सगळे भावनांनी भारलेले. ती बिचारी अंगावरच्या कपड्यानिशी निघालेली. फ्रेडीला तेवढ्यात आठवतं की हिच्याजवळ केसांचा ब्रश नाही, फणी नाही, रात्रीच्या मुक्कामाचं काहीच नाही. तो बाजारात जाऊन ते घेऊन येतो. दुसऱ्या कुठल्या कादंबरीत नायक तलवार उपसतो, तिथे हा कंगवा आणतो. पुढे जॅक किटीबद्दल वेडंवाकडं बोलतो तेव्हा फ्रेडी त्याला एक ठोसा देऊन लोळवतो, तेही आहेच. पण किटीचं मन तोवर वळलेलं असतं.

आत्याच्या शिफारशीचा अर्थ मला इथे उमगला. विनोद या कादंबऱ्यांत शोभेचा नाही, माणसाची पारख त्यातूनच होते. रुबाबदार नायकाचं निम्मं लक्ष स्वतःच्या रुबाबाकडे असतं. आपल्यावर कुणी हसलं तर चालेल, हे ज्याने मान्य केलंय त्याचं सगळं लक्ष समोरच्या माणसासाठी मोकळं असतं. म्हणून तो दुसऱ्याच्या बॅगेत काय राहिलं ते बघू शकतो.

‘द अननोन एजॅक्स’ (1959) मधला ह्युगो डॅरकॉट याच वाटेने जातो, पण अंगाने अगदी वेगळा. धिप्पाड, संथ, स्पेनच्या लढाया करून आलेला मेजर. विणकरांच्या घरातल्या मुलीशी लग्न केलेल्या मुलाचा हा मुलगा, म्हणून सरदार आजोबा आणि चुलतभाऊ त्याला गावंढळ ठरवून बसलेले. ते तसं समजतात म्हटल्यावर ह्युगो मुद्दाम जाड यॉर्कशरी बोलीत बोलू लागतो. प्रत्यक्षात तो हॅरोला शिकलेला आणि आजोबांपेक्षा श्रीमंत असतो. शेवटी घरातला लाडका पोरगा चोरट्या व्यापारात गोळी लागून जखमी होतो, दाराशी अंमलदार येतो, आणि ह्युगो एका रात्रीत अख्ख्या घमेंडखोर घराण्याला नाटक मंडळीसारखं कामाला लावतो. एकाने दारू चढल्याचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने पट्टी बांधून विव्हळायचं, काकूने फक्त नेहमीसारखं तुच्छतेने बघायचं. ‘द फाउंडलिंग’ (1948) मधला ड्यूक तर बुटका आणि किरकोळ, लहानपणी सारखा आजारी. काका आणि नोकर त्याला अजून कापसात ठेवतात. आपण नुसता माणूस म्हणून जगू शकतो का, हे बघायला तो नाव बदलून एकटाच घराबाहेर पडतो. चोवीस वर्षांच्या त्या मुलाची भीती आणि मौज हेयरने एकाच वाक्यात पकडलेली असते.

इंग्लंडमधलं हे जग दादरच्या विमा कचेरीतल्या बाईला इतकं जवळचं का वाटावं, असा प्रश्न मी तिला विचारला होता. तिला तो प्रश्नच नीट कळला नाही. “अगं, स्थळं बघणं आहे ते सगळं,” ती म्हणाली. खरंच आहे. लंडनच्या किंग स्ट्रीटवर ‘ऑलमॅक्स’ नावाची सभागृहं होती. दर बुधवारी नाच. प्रवेशपत्रिका द्यायची की नाही ते मोजक्या बड्या बायका ठरवत. खायला पातळ पाव-लोणी, प्यायला लेमोनेड. उत्पन्न किती, घराणं कुठलं, मुलगी जरा बोलकी आहे का, याची कुजबुज. कांदेपोह्यांच्या बशा हाती घेऊन खाली मान घालून बसलेल्या पिढीला यात परकं काय वाटणार? आत्या पाच वेळा बसली होती. त्याबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही.

शिवाय हा विनोद आपल्या रंगभूमीला पाहुणा नाही. देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ (1916) ज्या ‘ऑल इन द राँग’वरून आलं, ते आर्थर मर्फीचं 1761चं नाटक. मर्फीने ते मोलिएरवरून घेतलं होतं. चुकीच्या हाती पडलेली तसबीर, दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य, संशयाने पेटलेला नवरा आणि शेवटी एका खोलीत जमलेली सगळी मंडळी, ही त्या काळच्या इंग्रजी सुखात्मिकेची रीत. हेयरचे शेवटचे अंक त्याच घराण्यातले आहेत. ‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावावर हसत मोठा झालेला वाचक तिच्या दिवाणखान्यात सहज रुळतो.

तरीही या जगाला दारं आहेत आणि ती काहींना बंद आहेत, हे मला सांगितलंच पाहिजे. ‘द ग्रँड सोफी’ (1950) मी फार आवडीने वाचत होते. त्यात एक ज्यू सावकार येतो आणि त्याचं वर्णन इतकं विषारी आहे की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. ते 1950 साली, युरोपात लाखो ज्यूंची कत्तल होऊन पाच वर्षं झाल्यावर लिहिलेलं आहे. काळ जुना होता, ही सबब मी मान्य करत नाही. तिच्या नोकरचाकरांना, गरिबांना स्वतःचं प्रेमप्रकरण असलं तर ते बहुधा हसण्यापुरतं. आणि ‘ब्लॅक शीप’ (1966) मधला माइल्स कॅल्व्हर्ले. हा मला फ्रेडीइतकाच प्रिय. चाळिशीचा, ढगळ कपड्यांचा, कुणाचीही भीड न बाळगणारा. तरुणपणीच्या भानगडीपायी घरच्यांनी त्याला हिंदुस्थानात हाकललेलं असतं. वीसेक वर्षांनी तो गडगंज होऊन बाथला परततो. त्याच्या आणि अॅबिगेलच्या गप्पांत जेवढं हसू आहे तेवढं मी क्वचित वाचलंय. पण तो पैसा कुठून, कुणाकडून आला, हे कादंबरी विचारत नाही. रीजन्सी काळात ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस हिंदुस्थानातून रिकाम्या हाताने गेला असता तर नवल. बाथच्या पंप रूममध्ये कोमट, खनिजांच्या चवीचं पाणी पिताना तो प्रश्न माझ्या घशात अडकला होता. बाहेर येऊन मी मिल्सम स्ट्रीटवर फिरले, आणि माइल्सवरची माया काही कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत.

हल्लीच्या लेखिकांनी यातली काही दारं उघडली आहेत. लोरेटा चेसच्या ‘मिस्टर इम्पॉसिबल’ (2005) मध्ये 1821च्या इजिप्तमध्ये चित्रलिपी उलगडू बघणारी विदुषी नायिका आहे, आणि नायक स्वतःला आनंदाने ढ म्हणवतो. तिच्या बुद्धीपुढे तो जसा हरखतो, तसा नायक मला विद्यार्थिदशेत भेटायला हवा होता. ‘ब्रिजर्टन’ मालिकेने दुसऱ्या पर्वात शर्मा भगिनींना रीजन्सी दरबारात आणलं, हळद लावली. त्याचा आनंद मला झाला, पण त्यातले नायक पुन्हा ‘मार्क वन’च.

गेल्या दोन वर्षांत आत्याची नजर गेली. डोळ्यांच्या मधोमध एक काळा डाग, कडेचं तेवढं अंधूक दिसतं. इंग्रजी नुसतं ऐकायला तिला आवडत नाही, म्हणून मी रोज रात्री ‘कोटिलियन’ मराठीत सांगू लागले. तेव्हा कळलं की फ्रेडीला मराठीत आणणं किती कठीण आहे. इंग्रजीत तो कर्ता गाळून तुटक बोलतो आणि त्या तुटकपणातच त्याचा सगळा भिडस्तपणा आहे. मराठीत क्रियापदातच कर्ता असतो. ‘गेलो होतो’, ‘बघतो’, असं आपण सगळेच बोलतो. तिथे फ्रेडीचं वेगळेपण विरून जातं. मग मी त्याला ‘म्हणजे’, ‘काय आहे की’ असे अडखळ शब्द दिले. आत्याने ते नामंजूर केले. “तो अडखळत नाही. त्याला पुढचं दिसत असतं, म्हणून तो मागचं बोलायचं सोडून देतो.” उलट मराठीने एक गोष्ट फुकट दिली. किटीने त्याला ‘अहो फ्रेडी’ म्हणायचं की ‘अरे फ्रेडी’? ती लहानपणापासून ओळखते, म्हणून ‘अरे’च. आणि ज्या दिवशी तिला स्वतःचं मन कळतं, त्या दिवशी मी तिच्या तोंडी काहीच संबोधन घातलं नाही. आत्या म्हणाली, “बरोबर.”

हेयरने वाचकांची फारशी पत्रं जपली नाहीत. एक जपलं. रुमानियातल्या एका राजकीय कैदी बाईचं. तुरुंगात बारा वर्षं तिने सोबतच्या कैद्यांना ‘फ्रायडेज चाइल्ड’ (1944) ही कादंबरी आठवून आठवून सांगितली होती. त्या कोठडीत कुणी कुणाला हसवलं असेल, लंडनमधल्या त्या उधळ्या, अर्धवट वयाच्या नवराबायकोचं भांडण कुठल्या भाषेत, किती हळू आवाजात रंगवलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. त्या बाईलाही संबोधनांपाशी थांबावं लागलं असेल.

परवा आम्ही पळून जाण्याच्या प्रकरणाशी पोचलो. आत्याला दिवसभर ताप होता. मी दिवा मालवला होता आणि पुस्तक न बघताच सांगत होते, मला ते आता पाठ आहे. मध्येच तिचा श्वास संथ झाला. झोपली असं वाटून मी थांबले, पांघरूण ओढलं, उठले.

“थांब,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “कंगवा आणला का त्यानं?”

“आणला.”

“मग ठीक आहे,” म्हणून ती कुशीवर वळली.